घटना जिथे गप्प आहे, तिथे कोणी बोलायचे? अमेरिकेतल्या पहिल्या दोन पक्षांचा वाद

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमून ज्यांनी ती लिहिली, त्यांना पक्ष नको होते. पक्ष म्हणजे गटबाजी आणि गटबाजी म्हणजे देशहिताचा बळी, असे त्या पिढीचे पक्के मत होते. तरीही घटना लागू झाल्यावर चार-पाच वर्षांतच त्याच मंडळींचे दोन तट पडले. एकमेकांना राजेशाहीचे हस्तक किंवा फ्रान्सचे दलाल म्हणण्यापर्यंत मजल गेली.

या भांडणात सत्तेची हाव होती, जुने मानापमान होते, पैशाचे हितसंबंध होते. पण या सगळ्याच्या तळाशी एक खरा आणि अवघड प्रश्न होता. घटनेत जे स्पष्ट लिहिलेले नाही, ते करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे का? आणि आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? हा प्रश्न धरून ठेवला की पहिल्या चाळीस वर्षांचे अमेरिकन राजकारण बरेचसे उलगडते.

नावांचा घोळ आधी सोडवू. मजबूत केंद्र मागणाऱ्या हॅमिल्टनच्या तटाला फेडरलिस्ट म्हणत, केंद्राला आवर घालू पाहणाऱ्या जेफरसन-मॅडिसनच्या तटाला रिपब्लिकन. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये निघाला, त्याचा या जुन्या रिपब्लिकनांशी थेट संबंध नाही. उलट आजचा डेमोक्रॅटिक पक्ष या जुन्या रिपब्लिकनांमधून पुढे आला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन असे जोडनाव देतात. फेडरलिस्ट तर १८२० च्या सुमारास जवळपास संपले. आजच्या पक्षांपैकी कोण कोणाचा वारस, हे शोधायला गेले की गोंधळ वाढतो. तो नाद सोडलेला बरा.

तिजोरी नसलेले सरकार

स्वातंत्र्य जाहीर केल्यावर तेरा राज्यांनी आपसात एक करार केला. तो १७८१ मध्ये अमलात आला. त्यातले केंद्र म्हणजे फक्त एक काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. कार्यकारी राष्ट्राध्यक्ष नाही, कायमची केंद्रीय न्यायव्यवस्था नाही आणि मुख्य म्हणजे कर बसवण्याचा अधिकार नाही. गृहनिर्माण सोसायटीला मेंटेनन्स वसूल करण्याची मुभाच नसावी, सभासदांना नुसती विनंतीपत्रे पाठवता यावीत, तशी ती व्यवस्था. काँग्रेस पैसे मागे, राज्ये जमेल तेवढे देत किंवा देतच नसत. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर ५ टक्के जकात बसवून युद्धाचे कर्ज फेडावे असा प्रस्ताव आला, तो एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा न्यूयॉर्क आडवे आले.

१७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी उठले. राज्याने कर चढवले होते आणि ते रोखीत मागितले जात होते. रोकड मात्र कोणाकडेच नव्हती. जमिनी जप्त होत होत्या, कर्जापायी माणसे तुरुंगात जात होती. यातले अनेक जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा तर सैन्यातला कॅप्टन. या लोकांनी जप्तीचे खटले चालवणारी न्यायालयेच बंद पाडली. केंद्राकडे ना पैसा, ना फौज. शेवटी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सैन्य उभे केले आणि बंड मोडले.

या घटनेने जॉर्ज वॉशिंग्टन हादरून गेला. केंद्र मजबूत झाले नाही तर देशच टिकणार नाही, असे त्याला आणि त्याच्यासारख्या अनेकांना वाटले. त्या वेळी पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या टॉमस जेफरसनने मात्र मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले की अधूनमधून थोडे बंड झालेले चांगलेच असते. पुढच्या पक्षभेदाचे बीज मला या दोन प्रतिक्रियांत दिसते. एकाला अराजकाची भीती जास्त, दुसऱ्याला जुलमाची.

नव्या घटनेने केंद्राला कर, सैन्य, चलन, परराष्ट्र व्यापार असे ठोस अधिकार दिले. तिला विरोधही जबरदस्त झाला. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री आणि जॉर्ज मेसन यांच्यासारखे मातब्बर विरोधात उभे राहिले. नागरिकांच्या हक्कांची सनद यात कुठे आहे, हा त्यांचा रास्त सवाल होता. व्हर्जिनियात घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजूर झाली, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. न्यूयॉर्कच्या मतदारांना पटवण्यासाठी वृत्तपत्रांतून ८५ लेख लिहिले गेले. ते लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. हॅमिल्टन आणि मॅडिसन या टप्प्यावर खांद्याला खांदा लावून उभे होते, हे लक्षात ठेवायला हवे.

हक्कांच्या सनदेच्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये आल्या. दहावी दुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील. भारतात असे उरलेले अधिकार केंद्राकडे जातात, अमेरिकेत उलटे. पण इथे एक बारकावा आहे आणि तो फार मोलाचा आहे. जुन्या करारात 'स्पष्टपणे दिलेले' अधिकार अशी शब्दयोजना होती. दहाव्या दुरुस्तीतही 'स्पष्टपणे' हा शब्द घाला, अशी सूचना सभागृहात आली. मॅडिसननेच तिला विरोध केला. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट घटनेत लिहिणे शक्य नाही, काही अधिकार गृहीतच धरावे लागतात, असे त्याचे म्हणणे. ही गोष्ट १७८९ ची. दीड वर्षात हेच वाक्य त्याच्यावर उलटणार होते.

हॅमिल्टनची बँक

हॅमिल्टन पहिला अर्थमंत्री झाला. त्याच्यापुढे कर्जाचा डोंगर होता: केंद्राचे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर आणि राज्यांचे अंदाजे २ कोटी ५० लाख. त्याने ठरवले की सगळे कर्ज दर्शनी किमतीला मान्य करायचे, राज्यांचे कर्जही केंद्राने डोक्यावर घ्यायचे आणि त्यासाठी नवे रोखे काढायचे. सरकारने शब्द पाळला की देशाची पत उभी राहते, आणि ज्यांचा पैसा सरकारात गुंतला ते सरकार टिकावे म्हणून झटतात, असा त्याचा हिशोब होता.

हिशोब बरोबरच होता, पण त्याची किंमत कोणी मोजली ते पाहा. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी कागदी प्रमाणपत्रे मिळाली होती. पोटासाठी त्यांनी ती कवडीमोलाने विकली. आता ती सट्टेबाजांच्या हातात होती आणि पूर्ण किंमत त्यांनाच मिळणार होती. मूळ सैनिकालाही वाटा द्या, असा प्रस्ताव मॅडिसनने मांडला. तो ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. कोणता कागद किती हातांतून गेला हे शोधणे अवघड होते आणि रोख्यांवरचा विश्वास उडाला असता, ही हॅमिल्टनची अडचण खरी होती. सैनिकावर झालेला अन्यायही तितकाच खरा होता. राज्यांच्या कर्जाचा प्रश्न १७९० च्या जून महिन्यात जेफरसनच्या घरच्या जेवणात सुटला. दक्षिणेने कर्जाची योजना जाऊ द्यायची, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असा सौदा ठरला. वॉशिंग्टन शहर आज तिथे आहे त्यामागे हा व्यवहार आहे.

मग आली बँक. भांडवल १ कोटी डॉलर, त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खासगी भागधारकांचा, सनद २० वर्षांची. सरकारी पैसा तिथे राहील, गरजेला सरकारला कर्ज मिळेल, तिच्या नोटा देशभर चालतील. अडचण एकच. काँग्रेसला बँक काढता येईल, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. कंपन्यांना सनद देण्याचा अधिकार काँग्रेसला असावा, असे फिलाडेल्फियाच्या बैठकीत सुचवले गेले होते आणि ते तिथे मान्य झाले नव्हते. सुचवणारा मॅडिसनच होता. आता तोच सभागृहात उभा राहून सांगू लागला की बँक घटनाबाह्य आहे. विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. विरोधातली बहुतेक मते दक्षिणेची होती.

राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला सही करायची की नाही हे ठरवायला दहा दिवस होते. त्याने जेफरसनचे मत मागवले, जो तेव्हा परराष्ट्रमंत्री होता. पेच फिरत होता तो घटनेतल्या एका ओळीभोवती. काँग्रेसला दिलेले अधिकार बजावण्यासाठी जे कायदे 'आवश्यक आणि योग्य' असतील ते तिने करावेत, असे ती ओळ सांगते. जेफरसनने लिहिले की आवश्यक म्हणजे ज्यावाचून अडते ते. कर गोळा करणे, कर्ज काढणे ही कामे बँकेशिवायही होतात. बँक सोयीची असेल, पण सोय म्हणजे आवश्यकता नव्हे. सोय हाच निकष मानला तर काँग्रेसला काहीही करता येईल, कारण जगात अशी एकही गोष्ट नाही जी कोणत्या तरी अधिकाराला कुठे तरी सोयीची नसते. घटनेने आखलेल्या रेषेबाहेर एक पाऊल टाकले की पुढे मैदान मोकळे आहे, त्याला अंत नाही.

हा युक्तिवाद आजही वाचताना पकड घेतो. पण हॅमिल्टनचे उत्तर त्याहून भक्कम होते, असे मला वाटते. तो म्हणाला, व्यवहारात आवश्यक या शब्दाचा अर्थ उपयुक्त, साहाय्यक असाच घेतला जातो. ज्यावाचून अगदीच अडते तेवढेच करायचे म्हटले तर सरकारला जवळपास कुठलेच पाऊल उचलता येणार नाही, कारण प्रत्येक कामाला दुसरा एखादा मार्ग दाखवता येतोच. म्हणून कसोटी अशी हवी: उद्दिष्ट घटनेने दिलेल्या अधिकारांत बसते का? उपायाचा त्या उद्दिष्टाशी उघड संबंध आहे का? आणि घटनेने तो उपाय कुठे मना केलेला नाही ना? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तर उपाय घटनात्मक. वॉशिंग्टनने मॅडिसनकडून नकाराचा मसुदाही तयार करून घेतला होता. पण २५ फेब्रुवारी १७९१ ला त्याने विधेयकावर सही केली.

मॅडिसन पलटला, असा आरोप तेव्हाही झाला. १७८८ च्या आपल्या लेखात त्यानेच लिहिले होते की जिथे साध्य मान्य आहे तिथे साधनही मान्य असते. मला त्याच्यात निव्वळ संधिसाधूपणा दिसत नाही. त्याने मागितलेले मजबूत केंद्र आणि हॅमिल्टन उभे करत असलेले केंद्र यांत अंतर होते. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे धनको आणि अर्थखाते यांची जवळीक पाहून तो हबकला. ब्रिटनमध्ये राजाने पैसा आणि पदे वाटून संसद खिशात घातली, तोच प्रकार इथे सुरू होतोय, अशी त्याची आणि जेफरसनची खरोखरची भीती होती.

पक्ष असा आकाराला आला. १७९१ मध्येच फिलिप फ्रेनो नावाच्या कवीने फिलाडेल्फियात हॅमिल्टनविरोधी वृत्तपत्र काढले, आणि जेफरसनने त्याला परराष्ट्र खात्यात भाषांतरकाराची छोटी नोकरी दिली. म्हणजे सरकारातला एक मंत्री दुसऱ्या मंत्र्यावर तुटून पडणाऱ्या संपादकाला पोसत होता. व्यापारी, बंदरांवरचे धनिक, न्यू इंग्लंडमधली (म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतली) प्रतिष्ठित मंडळी फेडरलिस्टांकडे झुकली. दक्षिणेतले मळेवाले, सर्वत्रचे लहान शेतकरी, शहरांतले अनेक कारागीर आणि नवे स्थलांतरित रिपब्लिकनांकडे.

व्हिस्की, फ्रान्स आणि एक तह

कर्जाचे व्याज भागवायला हॅमिल्टनने व्हिस्कीवर अबकारी कर लावला. डोंगरांपलीकडच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला धान्य पूर्वेच्या बाजारात नेणे परवडत नसे, म्हणून तो त्याची दारू गाळे. तीच त्याची रोकड. १७९४ मध्ये तिथे कर वसुली अधिकाऱ्याचे घर जाळले गेले. वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांची फौज पाठवली आणि काही अंतर स्वतः तिच्याबरोबर गेला. बंडखोर पांगले. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली, ती वॉशिंग्टनने माफ केली. आठ वर्षांपूर्वीच्या हतबल केंद्राशी ताडून पाहिले की काय बदलले होते ते कळते.

परराष्ट्र धोरणाने दरी आणखी रुंदावली. १७९३ मध्ये क्रांतिकारक फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. रिपब्लिकनांना फ्रान्स हा स्वातंत्र्याचा भाऊ वाटे, फेडरलिस्टांना तिथली गिलोटिन दिसे आणि ब्रिटनचा व्यापार दिसे. जॉन जे याने १७९४ मध्ये ब्रिटनशी तह केला, त्यावरून गावोगावी त्याचे पुतळे जाळले गेले. (याच तहाच्या तेराव्या कलमाने अमेरिकन जहाजांना कंपनी सरकारच्या ताब्यातली हिंदुस्थानातली बंदरे, म्हणजे मुंबई, मद्रास, कलकत्ता, व्यापारासाठी अधिकृतपणे खुली झाली.) सिनेटने तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे अगदी नेमक्या दोन-तृतीयांशांनी मान्य केला. तहाला पैसे प्रतिनिधिगृहाने मंजूर करायचे, मग तह नाकारण्याचा हक्क त्याला आहे का? मॅडिसनने तो प्रश्न लावून धरला. प्रतिनिधिगृहाने तहाच्या वाटाघाटींची कागदपत्रे मागितली, ती द्यायला वॉशिंग्टनने ठाम नकार दिला. शेवटी ५१ विरुद्ध ४८ मतांनी पैसे मंजूर झाले. घटना पुन्हा एकदा गप्प होती.

लिहिणे हा गुन्हा

१७९६ ची निवडणूक फेडरलिस्ट जॉन ॲडम्सने ७१ विरुद्ध ६८ निर्वाचक मतांनी जिंकली. (निर्वाचक म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्यातून नेमलेली माणसे.) तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार उपराष्ट्राध्यक्ष होई, म्हणून त्याचा प्रतिस्पर्धी जेफरसनच त्याचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. फ्रान्सशी समुद्रावर अघोषित युद्ध सुरू झाले. युद्धाच्या ज्वरात फेडरलिस्ट काँग्रेसने १७९८ मध्ये असे कायदे केले की त्यांच्या पक्षाची अब्रू त्यात कायमची गेली.

नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ ५ वर्षांवरून १४ वर्षे झाला, कारण स्थलांतरित बहुतेक रिपब्लिकनांना मते देत. परकी माणसाला खटल्याविना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. आणि सरकारविरुद्ध, काँग्रेसविरुद्ध किंवा राष्ट्राध्यक्षाविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिणाऱ्याला २ हजार डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी तरतूद झाली. उपराष्ट्राध्यक्षाला या कायद्याचे संरक्षण नव्हते. जेफरसनबद्दल काहीही लिहा. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ ला, म्हणजे ॲडम्सची कारकीर्द संपते त्याच दिवशी संपणार होती. हे सगळे उघड होते आणि तरीही त्यांनी ते केले.

फेडरलिस्टांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, ब्रिटिश कायद्यात खरे लिहिले तरी बदनामी ठरते, आमच्या कायद्यात सत्य सिद्ध केले की सुटका आहे आणि निर्णय ज्यूरीकडे आहे. कागदावर हे बरोबर होते. पण मत खरे की खोटे हे कसे सिद्ध करणार? व्हरमाँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याने लिहिले की ॲडम्सला थाटामाटाची अमर्याद हाव आहे. त्याला ४ महिने कैद आणि १ हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले.

रिपब्लिकनांना दाद मागायची कुठे हा प्रश्न होता. काँग्रेस फेडरलिस्टांची, न्यायाधीश फेडरलिस्ट. म्हणून जेफरसन आणि मॅडिसनने राज्यांचा आधार घेतला. जेफरसनने केंटकीसाठी आणि मॅडिसनने व्हर्जिनियासाठी, दोघांनी नाव गुप्त ठेवून, ठराव लिहिले. राज्यघटना हा राज्यांमधला करार आहे, केंद्राने तो मोडला तर ते ठरवण्याचा हक्क राज्यांना आहे, असा त्यांचा आशय. जेफरसन तर आपल्या मसुद्यात राज्याला केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवता येतो, इथपर्यंत गेला होता. एकाही राज्याने साथ दिली नाही. उत्तरेतल्या काही राज्यांनी उलट कळवले की घटनेचा अर्थ लावणे हे न्यायालयांचे काम आहे.

जेफरसनची भूमिका नेमकी काय होती, हे समजायला नंतरचा एक दाखला उपयोगी पडतो. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याने या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना माफी दिली. पण १८०३ मध्ये त्यानेच पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला लिहिले की राज्याच्या कायद्याखाली वृत्तपत्रांवर दोन-चार खटले झाले तर बरे होईल. त्याचा राग लेखणीवरच्या बंधनापेक्षा केंद्राने ते घालण्यावर जास्त होता.

राज्यांच्या हक्कांची ही भाषा दक्षिणेला इतकी प्रिय का होती, हेही बोलले पाहिजे. जेफरसनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. बँक काढू शकणारे केंद्र उद्या गुलामगिरीलाही हात घालू शकेल, ही भीती मळेवाल्यांच्या मनात होतीच. फेडरलिस्ट काही गुलामांचे तारणहार नव्हते, त्यांच्यातही दक्षिणेतले मोठे गुलाममालक होते. पण लोकसंख्या मोजताना गुलामांची तीन-पंचमांश गणती होई आणि त्यामुळे दक्षिणेला जास्तीची निर्वाचक मते मिळत. अनेक इतिहासकारांच्या हिशोबाने ती मते नसती तर १८०० मध्ये जेफरसन हरला असता.

छत्तीस फेऱ्या

१८०० मध्ये ॲडम्स हरला. पण प्रत्येक निर्वाचकाला दोन मते आणि दोन्हींत फरक नाही, या नियमामुळे जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. निकाल मावळत्या प्रतिनिधिगृहाकडे गेला, जिथे फेडरलिस्ट निर्णायक होते. १६ राज्ये, प्रत्येकाला एक मत, जिंकायला नऊ हवीत. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झाले आणि जेफरसन आठवर अडकला. फेरीमागून फेरी झाली. निवडणूक लाटली गेली तर नागरी सैन्य काढायचे, अशी तयारी व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनी चालवली होती.

या वेळी हॅमिल्टनने आपल्या पक्षाला पत्रांमागून पत्रे लिहिली की जेफरसनची तत्त्वे चुकीची आहेत पण त्याला तत्त्वे तरी आहेत, बरला कसलीच नाहीत. डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी जेम्स बेयर्ड हा फेडरलिस्ट शेवटी मागे हटला आणि १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आला. ॲडम्स शपथविधीला थांबला नाही, पहाटेच निघून गेला. पण तो गेला. फौज बोलावली नाही, निकाल नाकारला नाही. दहा वर्षे ज्यांना देशबुडवे म्हटले त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या. मतपेटीतून विरोधी पक्षाकडे देशाची सत्ता जाण्याचा असा अनुभव तेव्हाच्या जगात जवळपास कोणाच्याच गाठीशी नव्हता. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या आठवड्याबद्दल.

खुर्ची बदलल्यावर

सत्तेवर येताच जेफरसनने बोलल्याप्रमाणे बरेच केले. व्हिस्कीवरचा कर काढला, सैन्य कमी केले, कर्ज ८ कोटी ३० लाखांवरून ५ कोटी ७० लाखांवर आणले. मग १८०३ मध्ये नेपोलियनने लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला विकायला काढला. देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होणार होते. (विकत घेतला तो फ्रान्सचा दावा. जमिनीवर राहणाऱ्या मूलनिवासी राष्ट्रांना कोणी विचारले नाही.) नवा प्रदेश विकत घेण्याचा अधिकार केंद्राला आहे, असे घटनेत कुठेही नाही. जेफरसनला हे टोचत होते. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदाही केला. पण नेपोलियनचे मन बदलेल, उशीर करू नका, असे सल्लागारांनी सांगितले आणि त्याने मसुदा बाजूला ठेवला. आता घटनेकडे बोट दाखवण्याची पाळी फेडरलिस्टांची होती.

१८०७ मधली त्याची व्यापारबंदी तर हॅमिल्टनच्याही स्वप्नात आली नसेल. ब्रिटन आणि फ्रान्स अमेरिकन जहाजे पकडत होते, म्हणून जेफरसनने अमेरिकन जहाजांना परदेशी जायलाच बंदी केली. वर्षभरात निर्यात १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर आली. न्यू इंग्लंडची बंदरे ओस पडली. चोरटा व्यापार रोखण्यासाठी वॉरंटशिवाय माल जप्त करण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना दिले गेले. लहान सरकारचा कैवारी सामान्य माणसाच्या पोटावर केंद्राची इतकी मोठी सत्ता वापरत होता.

फेडरलिस्टही तसेच फिरले. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध झाले तेव्हा मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या गव्हर्नरांनी राज्यांची फौज केंद्राला द्यायला नकार दिला. डिसेंबर १८१४ मध्ये हार्टफर्डला न्यू इंग्लंडचे २६ फेडरलिस्ट प्रतिनिधी जमले आणि जेफरसन-मॅडिसनच्या १७९८ च्या ठरावांसारखीच भाषा बोलू लागले. युद्ध पुकारायला दोन-तृतीयांश बहुमत हवे, गुलामांची गणती बंद करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांचे दूत राजधानीत पोहोचतात तोच न्यू ऑर्लिन्सचा विजय आणि तहाची बातमी येऊन थडकली. जल्लोषात हे लोक देशद्रोही ठरले. पक्ष त्यातून उठला नाही.

बँकेची सनद १८११ मध्ये संपू दिली होती. मग युद्धाचा खर्च भागवताना सरकारची दमछाक झाली. १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही झाली ती मॅडिसनची. त्याचे म्हणणे असे की इतकी वर्षे काँग्रेस, न्यायालये आणि लोकांनी बँक मान्य केली, तेव्हा हा प्रश्न आता निकाली निघाला. १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्का मारला. मेरीलँडने बँकेवर कर लावला होता. सरन्यायाधीश जॉन मार्शलने बँक घटनात्मक आणि राज्याचा कर अवैध ठरवला, आणि हॅमिल्टनची १७९१ ची कसोटी जवळपास जशीच्या तशी उचलली. मार्शलला ॲडम्सने जाता जाता नेमले होते. म्हणजे फेडरलिस्ट निवडणुका हरले तरी न्यायासनावरून बोलत राहिले. जेफरसन चिडला. न्यायाधीशांच्या हातात राज्यघटना मेणाचा गोळा झाली आहे, हव्या त्या आकारात वळवा, असे त्याने त्या वर्षी लिहिले. शासनाच्या प्रत्येक शाखेने आपल्यापुरता घटनेचा अर्थ स्वतः लावावा, असे त्याचे मत होते.

ते मत त्याच्या राजकीय वारसाने वापरले. १८३२ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने दुसऱ्या बँकेच्या मुदतवाढीचे विधेयक परत पाठवले आणि न्यायालयाने काहीही म्हटले तरी आपल्याला ती घटनाबाह्य वाटते, असे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राचे जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवले आणि आधार म्हणून १७९८ चे ठराव पुढे केले. राज्यांच्या हक्कांचा पुरस्कर्ता जॅक्सन यावर खवळला. हा प्रकार घटनेशी विसंगत आहे आणि गरज पडली तर बळ वापरू, असे त्याने डिसेंबरमध्ये जाहीर केले.

मॅडिसन तेव्हा ८१ वर्षांचा होता, घटना लिहिणाऱ्यांच्या पिढीतला जवळजवळ शेवटचा. तो पत्रांमागून पत्रे लिहून समजावत राहिला की १७९८ मध्ये आपण राज्यांनी मिळून निषेध करण्याबद्दल बोललो होतो, एकट्या राज्याने देशाचा कायदा मोडीत काढण्याबद्दल नाही. साउथ कॅरोलायनाच्या पुढाऱ्यांनी त्याला उत्तर म्हणून जेफरसनचा जुना मसुदा दाखवला. त्यात 'रद्दबातल' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता.